पिझ्झ्यातलं मीठ

ट्रॉय, मिशिगन
१६ जुलै २०००

ती. बाबा आणि शालनवहिनी,
सप्रेम जयभीम.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडं जेवतेस काय?" मी म्हटलं, पिझ्झा. तुम्ही म्हणालात, "म्हंजे नेमकं काय असतं?" आणि तेवढ्यात माझं फोनकार्ड संपलं. मेल केला तर तो दादाच्या ऑफिसात जातो आणि दादा संध्याकाळी बूट काढता काढता दोन वाक्यांत उरकतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून पत्र. वहिनी वाचून दाखवतील. वहिनी, सावकाश वाचा, तुम्ही फार भरभर वाचता.

पिझ्झा म्हणजे मैदा आंबवून केलेली जाड भाकरी समजा. वर टोमॅटोची चटणी आणि चीज, आणि हे सगळं भट्टीत भाजायचं. पुण्यात मी खाल्ला होता तो गोल होता. इथला चौकोनी! आमच्या टीममध्ये मार्ता म्हणून अर्जेंटिनाची एक बाई आहे. पहिल्याच शुक्रवारी ती मला एका जुन्या हॉटेलात घेऊन गेली. काउंटरच्या मागे काळ्या जाड पत्र्याचे खोलगट ट्रे एकावर एक रचून ठेवलेले. मला ते ओळखीचे वाटले. मालकाला विचारलं तर म्हणाला, हे मोटारीच्या कारखान्यातले. सुटे पार्ट ठेवायचे ट्रे. जुन्या काळी कुणीतरी त्यातच पिझ्झा भाजून बघितला. पत्रा जाड, सगळीकडून सारखा तापतो. लोकांना इतकं आवडलं की या भागाची ती पद्धतच पडली.

बाबा, तुमच्या प्रेस शॉपमध्ये असेच ट्रे होते ना? शाळेच्या सुट्टीत तुम्ही एकदा मला गेटपर्यंत नेलं होतं, तेव्हा ट्रॉलीवर पाहिलेले. मी तिथेच मार्ताला सांगितलं, माझे वडील मोटारीच्या कारखान्यात होते. तिने मालकाला सांगितलं. त्याने मला कोपऱ्याचा तुकडा दिला. कोपऱ्याचा म्हणजे मानाचा. चीज ट्रेच्या कडेला चिकटून करपतं, खरपूस होतं, आई पातेल्यातली खरवड काढून द्यायची तसं. आणि इथे टोमॅटोची चटणी सगळ्यात वर घालतात.

खाताना तुमची फार आठवण आली. आईला जाऊन वर्ष होत नाही तर मी निघाले. सहाच महिन्यांचं काम आहे, असं मी रोज स्वतःला सांगते. वहिनी, बाबांना जपा. तुमच्यावर सगळं टाकून आलेय.

तुमची
आम्रपाली


कर्वेनगर, पुणे
२० ऑगस्ट २०००

प्रिय आम्रपाली,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मी बाबांना सावकाश वाचून दाखवलं. ट्रेचा भाग तर त्यांनी पुन्हा पुन्हा वाचायला लावला. संध्याकाळी हिंदुरावकाका फिरायला बोलवायला आले, तेव्हा पुन्हा. हिंदुरावकाका म्हणाले, "आरं, म्हंजे आपन जल्मभर पिझ्झ्याची भांडी उचलली की!" दोघं इतके हसले की आईंच्या नंतर या घरात असं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं.

मग बाबांनी मला विचारलं, "शालन, तुला येईल का गं असलं?"

मला काय येणार? मी बार्शीची. आमच्याकडे भट्टी म्हणजे लोहाराची. पण शेजारच्या सुशीलाबाईंकडे काचेच्या झाकणाचा गोल ओव्हन आहे, त्यात त्या नानकटाई करतात. तो मागून आणला. बेकरीतून पिझ्झ्याच्या तयार भाकऱ्या आणल्या, तिथला मुलगा त्याला बेस म्हणतो. कांदा, शिमला मिरची, टोमॅटो सॉस, वर चीज किसून. हे म्हणाले, "हा पिझ्झा आहे का शिमला मिरचीचं थालीपीठ?" तुझ्या दादांचं कौतुक असंच असतं. आमच्या दीक्षाने वरचं चीज तेवढं खाल्लं आणि भाकरी माझ्या ताटात ठेवली.

बाबांनी मात्र अर्धा संपवला. अगं, ते किती दिवसांत पोटभर जेवले नव्हते. ताटाकडे बघायचे आणि उठायचे. त्या दिवशी बोटं पुसली आणि म्हणाले, "आम्रपालीच्या शेजारी बसून जेवल्यासारखं वाटलं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या हाताला चव आहे." बारा वर्षं मी या घरात स्वयंपाक करते. कुणी असं कधी म्हटलं नव्हतं.

बाबांची तब्येत ठीक आहे. काळजी करू नकोस. मध्यंतरी डॉक्टरांकडे दाखवून आलो, वयोमानाने असायचं ते आहे. औषधं मी वेळेवर हातात देते.

तिथले आणखी काय काय प्रकार असतात ते लिही. ते वाट बघतात.

तुझी
शालनवहिनी


ट्रॉय
८ ऑक्टोबर २०००

प्रिय वहिनी,
जयभीम.

तुमचं पत्र ऑफिसात वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडून आले. बाबा अर्धा पिझ्झा जेवले! मला इथे प्रत्येक घासाला अपराधी वाटतं. हिंजवडीला होते तेव्हा कंपनीची बस कितीही उशिरा आली तरी बाबा माझ्यासाठी जेवायचे थांबायचे. आता ते कुणासाठी थांबत असतील? तुम्ही त्यांना खायला घालताय हे वाचून पहिल्यांदा बरं वाटलं.

तर ऐका, म्हणजे वाचून दाखवा. मागच्या महिन्यात आम्ही सगळे शिकागोला गेलो होतो. तिथला पिझ्झा म्हणजे खोल थाळ्यात केलेला डबाच. कडा बोटभर उंच, तळाला चीज, वर टोमॅटो. भाजायला इतका वेळ लागतो की ऑर्डर देऊन आम्ही तळ्याकाठी चक्कर मारून आलो. सुरी-काट्याने खातात. एक तुकडा खाल्ला आणि मला झोप आली.

आमच्या टीममध्ये लार्स म्हणून एक स्वीडनचा मुलगा आहे. तो म्हणतो, हे काहीच नाही, आमच्याकडे पिझ्झ्यावर केळं घालतात आणि करी पावडर! मला वाटलं चेष्टा करतोय. नाही, खरंच. आणि बरोबर कोबीची कोशिंबीर. बाबांना सांगा, केळ्याचा पिझ्झा.

पण तुम्हाला सगळ्यात जवळचा वाटेल तो मार्ताच्या गावचा. ब्यूनस आयर्समध्ये पिझ्झ्याबरोबर फाइना म्हणून एक प्रकार मिळतो. हरभऱ्याच्या पिठात पाणी, तेल, मीठ, मिरी घालून भट्टीत भाजतात आणि त्याचा तुकडा पिझ्झ्याच्या तुकड्यावर ठेवून दोन्ही मिळून खातात. तिचे आजोबा इटलीतून बोटीने गेले, ते ही पद्धत घेऊन गेले. मी म्हटलं, अगं हा तर बेसनाचा पोळा! तिला त्याचं काही वाटलं नाही. म्हणाली, "हरभरा सगळ्यांचाच असतो."

वहिनी, एक वाईट बातमी आहे. काम वाढलंय, मला जूनपर्यंत थांबायला सांगितलंय. मी हो म्हटलं. बाबांना फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. तुम्ही सांगाल? आणि त्या दिवशी त्यांच्यासाठी काहीतरी छान करा. चीज भरपूर घाला. माझ्या वाटणीचं.

तुमची
आम्रपाली


कर्वेनगर
१९ नोव्हेंबर २०००

प्रिय आम्रपाली,
जयभीम.

जूनचं बाबांना सांगितलं. "काम असंल तर थांबावंच लागतं," एवढंच म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्या दिवशी मी पोळा आणि पिझ्झा दोन्ही केलं, मार्ताच्या गावासारखं. एकावर एक ठेवून दिलं. ते म्हणाले, "हे बेसन पिझ्झ्याला खाली दाबतंय." पण दोन तुकडे संपवले. केळ्याचा मात्र ऐकूनच नको म्हणाले. हिंदुरावकाकांचं म्हणणं, त्या लोकांना थंडीने चव कळत नसेल.

आम्रपाली, पत्रात थोडं खाण्याचं कमी लिहिलंस तर चालेल का? ऑफिसातलं लिही, रस्त्यांचं लिही. वयस्कर माणूस, मनावर घेतात. पत्र आलं की मला काही तरी करावंच लागतं. यांना ते आवडत नाही. म्हणून हे ऑफिसात गेल्यावर दुपारी करते आणि ओव्हन यांच्या येण्याआधी सुशीलाबाईंकडे परत देऊन येते. चोरी केल्यासारखं वाटतं.

हे लिहून झालं आणि बाबा आले. "आम्रपालीला लिहितेस? तिला म्हणावं, नेपल्स का काय ते, तिथलं पण विचारून लिही." म्हणजे मूळ गावापर्यंत जायचं आहे त्यांना! इतका जीव कशात तरी लागलेला बघितला की मला नाही म्हणवत नाही.

तेव्हा लिही. मी वर लिहिलंय त्याकडे लक्ष देऊ नकोस.

तुझी
शालनवहिनी


कर्वेनगर
१२ जानेवारी २००१

आम्रपाली,

बाबांना मागच्या शुक्रवारी अॅडमिट केलं होतं. श्वास लागला, पाय सुजले, झोपता येईना. छातीत पाणी झालं होतं. दोन दिवस अतिदक्षता विभागात होते. काल घरी आणले. आता ठीक आहेत, म्हणून लिहितो. तुला फोनवर कळवलं नाही कारण तू तिथून काही करू शकली नसतीस.

त्यांचं हृदय कमजोर आहे हे ऑगस्टमध्येच समजलं होतं. मीठ बंद करायला सांगितलं होतं. तू काम टाकून परत येशील म्हणून तुला न सांगण्याचं मी आणि बाबांनी ठरवलं. ती जबाबदारी माझी. पण मीठ बंद असलेल्या माणसाला त्या एकदाच्या पिझ्झ्यानंतरही घरात गुपचूप चीज चारलं जात होतं, हे मला सुशीलाबाईंकडून कळावं लागलं. त्या बिचाऱ्या गडबडीत आमच्याकडेच राहिलेला त्यांचा ओव्हन मिळेल का विचारायला आल्या होत्या.

तुम्हा दोघींचा जगभरच्या पिझ्झ्यांचा महोत्सव संपला असेल तर यापुढे पत्रात हवापाण्याचं लिहीत जा.

समाधान


ट्रॉय
२३ जानेवारी २००१

वहिनी,

दादाचं पत्र आलं. तीन रात्री मी नीट झोपले नाही. तुम्हाला ऑगस्टपासून माहीत होतं? आणि तुम्ही मला लिहीत राहिलात, "आणखी प्रकार लिही"? मी इथे बसून लिहितेय, चीज भरपूर घाला, माझ्या वाटणीचं घाला, आणि तुम्ही घालताय? एका ओळीत सांगितलं असतंत तर मी पिझ्झ्याचा प उच्चारला नसता. माझ्याच हाताने मी माझ्या वडिलांना विष लिहून पाठवलं, आणि तुम्ही ते वाढलंत.

दादाने लपवलं ते मी समजू शकते. तो सगळं लपवतो. पण तुम्ही? मी तुमच्या भरवशावर त्यांना सोडून आले. तुमचे स्वतःचे वडील असते तर त्यांना दिलं असतंत?

आम्रपाली


ट्रॉय
११ मार्च २००१

प्रिय वहिनी,

जानेवारीतल्या पत्रानंतर मागच्या महिन्यात आणखी दोन पाठवली, कशालाच तुमचं उत्तर नाही. फोनवर दादाच बोलतो. बाबांना दिला तर ते "बरंय, बरंय" म्हणतात आणि खोकतात. तुमच्याबद्दल विचारलं की "आत आहे" म्हणतात.

इथे अजून बर्फ आहे. कंपन्यांमधून माणसं कमी करताहेत. लार्सला परत पाठवलं. बाकी ठीक.

आम्रपाली


कर्वेनगर, पुणे ५२
१६ एप्रिल २००१

चि. आम्रपालीस,
बाबांचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

हे पत्र माझ्या हातानं लिहितो आहे. डोळ्यात मोतीबिंदू आहे म्हणून अक्षर मोठं आणि ओळ वाकडी आहे. समजून घे. हे शालनकडून लिहून घेता येण्यासारखं नाही.

पोरी, दवाखान्यात मी गेलो ते पिझ्झ्यानं नव्हे. मी पाण्याची गोळी खात नव्हतो.

डॉक्टरनं ऑगस्टात ती गोळी दिली. अंगातलं पाणी काढायची. ती घेतली की घडोघडी लघवीला जावं लागतं. आणि मला संध्याकाळी हिंदुरावाबरोबर जायचं असायचं. फिरायला जातो म्हणायचो, फिरायला कसलं, वारज्याच्या वाटेवर एक गाडी आहे, तिथं बसायचो. वडा, भजी, खारे दाणे, कधी मिसळ. रोज. घरात अळणी जेवण घशाखाली उतरायचं नाही, म्हणून ताटावरून उठायचो, आणि शालनला वाटायचं मी तुझ्या आईच्या आठवणीनं जेवत नाही. मी तिला तसं वाटू दिलं. गाडीपाशी लघवीची सोय नाही. मग गोळी घ्यायची नाही. शालन सकाळी हातावर ठेवायची, पाणी द्यायची. मी म्हणायचो, "ठेव, घेतो." आणि ती आत गेली की गॅलरीतून खाली.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, गोळ्या नीट घेत होता का. समाधान समोर उभा. मी म्हणालो, हो. मग घरी आणल्यावर समाधानला त्या पिझ्झ्याचं कळलं आणि तो शालनवर भडकला. मी खाटेवर डोळे मिटून पडलो होतो. जागा होतो. ऐकत होतो. म्हटलं, दोन दिवसात थंड होईल. नाही झाला. आणि जितके दिवस गेले तितकं बोलणं जड होत गेलं.

तेव्हापासून शालन आमच्याबरोबर जेवायला बसत नव्हती. समाधान प्रत्येक वाटीकडं बोट करून विचारायचा, "यात मीठ आहे?" ती म्हणायची, "नाही." एवढंच बोलणं घरात उरलं होतं. हिंदुराव मला म्हणाला, "धोंडिबा, पोरीचं नाव खराब झालं की रं तुझ्यापायी. गोळ्या तू टाकल्यास, वडं मी चारलं, आन् बोल तिला." मी त्याच्याशी बोलणं सोडलं. खरं बोलणाऱ्याशी.

परवा जयंतीला विहारात गेलो. सगळ्यांबरोबर पंचशील म्हणत होतो. चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाजच बंद झाला. शेजारच्यांना वाटलं दम लागला. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. तेव्हा आणखी लाज वाटली, की आजाराचं निमित्त इथंही कामाला आलं.

घरी आलो. जेवायला बसलो. समाधाननं वाटीकडं बोट केलं. मी म्हटलं, "समाधान, तिला विचारू नको. मला विचार." आणि सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "काय बोलताय बाबा? तिला वाचवायला काहीही सांगू नका."

मी म्हटलं, "खाली गॅलरीच्या बुडाशी जाऊन बघ. पत्र्यावर अजून असतील चार-दोन."

तो गेला नाही. घास ताटात ठेवला. शालनकडं वळून म्हणाला, "मग तू बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "मला कुठं ठाऊक होतं? मलाही वाटलं, मीच केलं."

आम्रपाली, हे ऐकून मला खाली बघवेना आणि वर बघवेना. मला वाटत होतं तिच्यावर आळ आहे, तिला राग येत असेल, एवढंच. ती तीन महिने मला औषध देताना, पाय चेपताना, मनात म्हणत होती की मी या माणसाला मारत होते. आणि मी पाय चेपून घेत होतो.

तुझं जानेवारीतलं पत्र तिनं मला वाचून दाखवलं नाही. पण आल्यावर वाचताना तिचा चेहरा मी पाहिला होता. त्यात काय होतं मला ठाऊक नाही. तू काही कडू लिहिलं असशील तर ते माझ्या नावावर घे.

तुझा
बाबा


ट्रॉय
६ मे २००१

प्रिय वहिनी,

बाबांचं पत्र आलं. चार दिवस मी तुम्हाला लिहायला बसते आणि उठते.

त्यांनी लिहिलंय, कडू लिहिलं असशील तर माझ्या नावावर घे. ते नाही जमणार. ते वाक्य मी लिहिलं. बाबांनी नाही, दादाने नाही. तुमचे वडील तुमच्या लहानपणीच गेले, लग्नानंतर तुम्ही ज्यांना बाबा म्हणून हाक मारलीत ते हेच, हे मला पूर्ण माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच लिहिलं. कुठे लागेल हे बघून लिहिलं. माझ्या मनातलं, मी त्यांना सोडून आले ते ओझं, मला कुणावर तरी टाकायचं होतं, आणि तुम्ही हाताशी होतात.

मी त्या दिवशी तुम्हाला उत्तर ऐकायचं म्हणून एक प्रश्नही विचारला नाही. दादाचं पत्र वाचलं आणि निकाल दिला. आम्ही दोघं भाऊ-बहीण फार वेगळे आहोत असं मला वाटायचं.

आमचं कामही गुंडाळताहेत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी परत येतेय. तुम्ही दार उघडलंत तरी तुमच्याकडे बघायचं कसं, याचा विचार करतेय. उत्तर द्यायला हवंच असं नाही.

तुमची
आम्रपाली


कर्वेनगर
१० जून २००१

प्रिय आम्रपाली,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. "मी तुला माफ केलं" असं लिहायला दोन-तीनदा बसले. हात पुढे सरकेना, म्हणून तसं लिहीत नाही. तू ये. समोरासमोर बोलू, वाटल्यास भांडू. पत्रात भांडायची मला सवय नाही, त्यातच सगळं बिघडलं.

बाबा बरे आहेत. पाण्याची गोळी आता माझ्यासमोर गिळतात आणि तोंड उघडून दाखवतात, लहान मुलासारखं. मला ते बघवत नाही. मी म्हटलं, "राहू द्या बाबा, विश्वास आहे." ते म्हणाले, "तू ठेवू नको. मी ठेवण्यासारखं काही केलं नाही." हिंदुरावकाका परत यायला लागलेत. आता खरंच चालायला जातात, मैदानाला एक फेरी मारून येतात. काकांच्या तोंडाला मसालेदार वास आला की बाबा त्यांना हाकलतात.

तुझ्या दादांनी माफी मागितली का, हे तू विचारलं नाहीस, पण मनात असेल. मागितली, त्यांच्या पद्धतीने. एके दिवशी सकाळी उठून चहा केला. दोनदा साखर पडली होती. कप माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "माझं चुकलं. सुशीलाबाईंसमोर बोलायला नको होतं." मी म्हटलं, "त्यांच्यासमोर नसतं बोललात तर बरोबर होतं का?" त्यावर ते अजून विचार करताहेत बहुधा. पण वाटीकडे बोट करणं बंद झालं, आणि मी पानावर बसल्याशिवाय ते पहिला घास घेत नाहीत.

आता जे तुलाच सांगायचं आहे ते.

सगळे मला निर्दोष ठरवून मोकळे झालेत. बाबांनी गोळ्या टाकल्या, काकांनी वडे चारले, मग शालनचं काही नाही. मी डॉक्टरांना एकटी जाऊन विचारलं. ते म्हणाले, गोळी मुख्य, पण बाहेरचं मीठ काय आणि घरातलं चीज काय, भर सगळ्यांचीच. म्हणजे माझीही. मला माहीत होतं मीठ बंद आहे. तरी मी दिलं. आणि बाबांचा आनंद बघून दिलं असं मी तुला लिहिलं होतं, तेही अर्धंच खरं. तुझं पत्र आलं की त्या दुपारी मला कुणीतरी विचारायचं, "आज काय करणार?" कुणीतरी वाट बघायचं. मी शिकागो करायची, अर्जेंटिना करायची, आणि पहिला घास घेऊन बाबा माझ्याकडे बघायचे. मला ते हवं होतं. त्यापायी मी त्यांच्या सुजत चाललेल्या पायांकडे बघितलं नाही. सुजले होते गं. डिसेंबरातच चपलेचा पट्टा रुतायला लागला होता. मी पट्टा सैल करून दिला.

हे मी यांना सांगितलेलं नाही, बाबांनाही नाही. तुला सांगतेय, कारण तू एकटीच अशी आहेस जी मला "तुझं काही चुकलं नाही" म्हणणार नाहीस. तसं म्हणूही नकोस.

मागच्या बुधवारी दीक्षाच्या शाळेचं काम होतं, म्हणून कर्वे रोडला गेले होते. काम लवकर झालं. समोर ते नवीन काचेचं पिझ्झ्याचं दुकान. येता-जाता बसमधून बघते. आत गेले. एकटी. कॉलेजची मुलं-मुली होती, माझ्या हातात भाजीची पिशवी. तिथल्या मुलीने विचारलं, "मॅम, किती जण?" मी म्हटलं, एक. तिने मला खिडकीपाशी बसवलं.

आम्रपाली, इतक्या पत्रांचे इतके पिझ्झे केले, पण मी गरम तुकडा एकदाही खाल्ला नव्हता. आधी बाबांना, मग दीक्षाला, मग ओव्हन पुसून परत द्यायचा, मग काही उरलं असेल तर गार. तो समोर आला तेव्हा चीज अजून हलत होतं. तोंड पोळलं. मग कळलं की मी करत होते ते बरंच वेगळं होतं. वाईट नव्हतं, पण वेगळं. एक खाल्ला, दुसरा खाल्ला. तिसऱ्याला बाबा आठवले. घरी ते अळणी वरण-भात कालवत असतील आणि मी इथे पंख्याखाली चीज ओढतेय. घास नुसता चावत राहिले. पाणी प्याले. वाटलं, उठावं. मग वाटलं, त्यांचं जेवण मी करून, झाकून आलेय. गोळी देऊन आलेय. आणि चौथा घेतला.

दोन तुकडे उरले. त्या मुलीने न विचारताच खोक्यात बांधून दिले. बसस्टॉपवर आले आणि ते खोकं हातात जड व्हायला लागलं. घरी नेलं तर दीक्षा उघडणार. हे विचारणार, कुठून आणलं. बाबा काही बोलणार नाहीत, वासाने मान तेवढी फिरवतील. सांगितलं असतं तर कुणी रागावलं नसतं आता. सगळे समजून घेतील असेच झालेत. तेच नको होतं.

मी तिथेच उभी राहून खोकं उघडलं. शेजारच्या आजींनी बघितलं आणि तोंड फिरवलं. आपली बस आली. मी ती जाऊ दिली. हातात अजून अर्धा तुकडा होता.

तुझी
शालन